तळ्यावरच्या अक्का

अक्का टाइप करताना कधी यंत्राकडे बघत नसत. परिच्छेदभर मसुदा एका दमात डोळ्यांखालून घालायच्या, नजर खिडकीबाहेर लावायच्या आणि मग बोटं सुरू व्हायची. ओळ संपल्याची घंटी वाजली की डावा हात आपोआप दांडीकडे जायचा, नजर मात्र बाहेरच. खिडकीबाहेर तरी काय होतं? एक गळका नळ, त्याखाली साचलेलं हातभर डबकं आणि पलीकडे कंपाउंडची पडकी भिंत. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी त्यांच्या शेजारी बसले होते. अक्का हळूच म्हणाल्या, "परीट आला बघ." मी दाराकडे पाहिलं. दारात कुणीच नव्हतं. अक्कांनी हनुवटीनं खिडकी दाखवली. डबक्याच्या काठी एक करडं-पांढरं पाखरू शेपूट खालीवर आपटत चाललं होतं, धोबीघाटावर कपडे आपटावेत तसं. "कुठल्या बी गावात असू दे, दर साली दिवाळीच्या आसपास येतोय," त्या म्हणाल्या. "यंदा चार दिस उशीर केला." बोटं थांबली नव्हती. नंतर मी तो कागद मुद्दाम तपासला. एकही चूक नव्हती.

लातूर जिल्हा वेगळा होऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते. आमचं खातं कोणतं ते सांगत नाही, सांगायची गरजही नाही. सगळ्याच कचेऱ्यांची तेव्हा एकच तऱ्हा होती. जुन्या जिल्ह्यातून ट्रकनं फायली आलेल्या, त्या ठेवायला कपाटं नाहीत, माणसं आलेली, त्यांना टेबलं नाहीत. पहिले दोन महिने मी एका लोखंडी पेटीवर बसून आवक-जावक लिहिली. मी कंधारची. घरातून बाहेर पडून नोकरीला लागलेली पहिलीच मुलगी. वडील मला सोडायला आले तेव्हा राहायचं कुठं हा मोठा प्रश्न होता. अक्कांनी वडिलांना एवढंच विचारलं की, मुलगी पहाटे उठते का. उठते म्हटल्यावर गंजगोलाईच्या मागच्या बोळातल्या त्यांच्या दोन खोल्यांपैकी एक माझी झाली.

अक्का उदगीरच्या, लिंगायत घरातल्या. कपाळावर भस्माची बारीक रेघ, गळ्यात चांदीची लिंगाची डबी, अंगावर मातकट सुती लुगडं. वय पंचेचाळिशीच्या आसपास असेल. दोन्ही हातांवर कोडाचे पांढरे डाग होते, बोटांच्या टोकापर्यंत. तरुणपणी त्या डागांमुळे ठरत आलेलं लग्न मोडलं, दुसरंही जमेना, आणि मग घरात तो विषय निघायचा बंद झाला, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं आणि तेही भाकरी थापता थापता. वडील लवकर गेले होते. धाकटा भाऊ, त्याचा संसार, त्याची मुलं असं सगळं उदगीरला होतं आणि ते बरंचसं अक्कांच्या पगारावर चालायचं. त्याबद्दल त्यांनी कधी कुरकुर केली नाही. कौतुकही करून घेतलं नाही.

पाखरांचा नाद त्यांना कुठून लागला हे ऐकून मला हसू आलं होतं. त्यांची पहिली नोकरी नांदेडला, एका साहेबांच्या हाताखाली. साहेबांना पक्ष्यांच्या याद्या करायचा छंद होता आणि त्या याद्या टाइप करायचं काम या नव्या टायपिस्टकडे आलं. तीन महिने त्यांनी नुसती नावं टाइप केली. शेकाट्या, चमचा, थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, पट्टकादंब. साहेब बदलून गेले, याद्या त्यांच्याबरोबर गेल्या, नावं मात्र बोटांत राहिली. "एका रविवारी वाटलं," अक्का म्हणाल्या, "आपुन एवढं बडवलं, ते असतंय तरी कसं, बघून तर यावं." त्या एकट्याच नदीकाठी गेल्या, दिवसभर बसल्या, आणि यादीतली दोन नावं त्यांना समोर चालताना दिसली. तेव्हापासून रविवार ठरून गेला. पुढं बदली होईल तिथलं तळं आधी शोधायचं, खोली मग.

लातुरात त्यांचं तळं म्हणजे औशाच्या अलीकडचा एक पाझर तलाव. पहाटेची पहिली एसटी धरायची, फाट्यावर उतरायचं आणि कोसभर चालायचं. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघायची. दोन्ही बाजूंना ज्वारी, कडेला करडईचे काटे, मधेच हरभऱ्याचा आंबूस वास. चालता चालता अक्कांचे नियम सुरू व्हायचे. बोट दाखवायचं नाही. पदर वाऱ्यावर सोडायचा नाही. माझ्या हातात तेव्हा डझनभर काचेच्या बांगड्या असायच्या, त्या कोपराकडे सरकवून वर रुमाल बांधायला त्यांनीच शिकवलं, म्हणजे किणकिण होत नाही. दुर्बीण आमच्याकडे नव्हती. मी एकदा म्हटलं, उसनी मिळवू या कुणाकडून. अक्का म्हणाल्या, "कशाला? आपुन दगड व्हायचं. दगडापशी पाखरू येतंय." आणि खरंच यायचं. बांधाखालच्या बाभळीला टेकून तासभर बसलं की आधी शेकाटे आपल्या लांब लाल काड्यांवर चालत जवळ यायचे, मग थापटे चोचीनं पाणी गाळत गाळत इतके काठाला येत की त्यांचा फसफस आवाज ऐकू यायचा. कंधारच्या तळ्याकाठी मी लहानाची मोठी झाले, पण बगळा आणि बदक एवढ्यावर माझं ज्ञान संपत होतं. इतकी वर्षं मी त्या तळ्याकडे पाठ करून धुणं धूत होते, असं मला वाटायला लागलं.

संक्रांतीनंतरच्या एका रविवारी गल्लीत घरोघर हळदीकुंकू होतं. अक्का बिनलग्नाच्या, मी बिनलग्नाची, आमच्या दाराशी बोलावणं येणार नव्हतंच. मला उगीच उदास वाटत होतं. अक्कांनी त्या दिवशी मला तळ्यावर एक साधंसं तपकिरी बदक दाखवलं. काळी चोच, चोचीच्या टोकाला पिवळा ठिपका आणि बुडाशी, कपाळाला लागून, दोन लाल ठिपके. "ह्याचं नावच हळदीकुंकू," त्या म्हणाल्या. "नर असो का मादी असो, दोघांना बी लावलेलं असतंय. कुणी बोलवायची वाट बघत न्हाईत." आणि तोंडावर पदर धरून इतक्या हसल्या की ते बदक उडून गेलं. स्वतःचा नियम त्यांनी मोडलेला मी तेवढ्या एकदाच पाहिला.

तळ्याच्या काठी आम्हाला एक मैत्रीण मिळाली होती. पारूबाई. त्याच गावची, शेरडं वळणारी. बहात्तरच्या दुष्काळात हा तलाव बांधला गेला तेव्हा ती नुकतीच लग्न होऊन आली होती आणि खडी-मातीच्या कामावर होती. बांधावरून चालताना ती पायानं जमीन दाबून दाखवायची आणि म्हणायची, "ही माती माझ्या डोस्क्यावरनं आलीया." अक्का तिला पाखरांची पुस्तकातली नावं सांगायच्या आणि तिच्याकडून गावातली नावं घ्यायच्या. दोघींचा हा व्यवहार तासन् तास चालायचा.

मग पाऊस हुकला. एक साल कसंबसं निघालं, दुसऱ्या साली मृगही कोरडा गेला आणि हस्तही. हिवाळा लागला तेव्हा आसपासची लहान तळी भेगाळून गेली होती. शहरात नळाला चार दिवसांनी पाणी यायचं. खिडकीबाहेरचं डबकंही आटलं, कारण नळच बंद होता. परीट त्या वर्षी आला, भिंतीवर बसला आणि निघून गेला.

त्या साली येळवसेला आम्ही तळ्यावर गेलो. येळवस म्हणजे आमच्या भागातला मोठा सण. मार्गशीर्षातल्या अमावास्येला सगळं लातूर शेतात जातं, बाजार ओस पडतो, कचेरीत कुत्रं फिरकत नाही. शेत नसलेली माणसं ओळखीच्यांच्या शेतात जातात. आम्हाला पारूबाईनं बोलावलं होतं. शेतात ज्वारी गुडघ्याएवढीच येऊन वाळली होती, तरी तिच्या घरच्यांनी कडब्याची कोप, म्हणजे छोटं खोपटं, उभारली होती, आत पाच पांडवांचे दगड चुन्यानं रंगवून मांडले होते. आंबील होती, भज्जी होती, बाजरीच्या पिठाचे उकडलेले उंडे होते. भज्जीत दरवर्षी सतरा भाज्या असतात, या वर्षी मिळाल्या तेवढ्या घातल्या, असं पारूबाईनं आधीच सांगून टाकलं. जेवण झाल्यावर तिघी बांधावर चढलो आणि अक्का जागच्या जागी थांबल्या.

तळं निम्म्याच्या खाली आलं होतं, पण त्या उरल्या पाण्यात एवढी पाखरं मी कधी पाहिली नव्हती. बाकी सगळीकडचं पाणी आटल्यामुळे मुलखातली सगळी पाखरं तिथं गोळा झाली होती. चक्रवाकांचे भगवे थवे, चमचे, तलवार बदकं, पाण्याच्या कडेनं शेकाट्यांची रांग. आणि मधल्या चिखलाच्या बेटावर, एकमेकांना खेटून, राखाडी रंगाचे मोठे हंस. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळ्या पट्ट्या. अक्का हळूहळू खाली बसल्या. मग म्हणाल्या, "पट्टकादंब." मी विचारलं, आधी कधी पाहिले होते का. त्यांनी मान हलवली. नांदेडला टाइप केलेल्या यादीतलं हे एकच नाव त्यांना इतक्या वर्षांत भेटलं नव्हतं. हिमालयाच्या पलीकडून येतात, एवढं त्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी आम्ही दिवस कलेपर्यंत बसलो. शेवटची एसटी चुकते का काय असं मला वाटत होतं, पण उठा म्हणायचा धीर झाला नाही. अक्का रडत होत्या. डोळे पुसायला हात वर केला तर पाखरं बुजतील, म्हणून तशाच बसल्या होत्या.

त्यानंतर आठ-दहा दिवसांतच तो मसुदा त्यांच्या टेबलावर आला. टंचाईचं पत्र होतं. ज्या तलावांत पाणी शिल्लक आहे त्यांची यादी, आणि तिथं पंप बसवून टँकर भरण्याचा आदेश. यादीत सातव्या क्रमांकावर आमचं तळं होतं. मी जावक क्रमांक घालायला उभी होते, मी ते वाचलं. आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी म्हटलं, अक्का, एक नाव टाइपात गळालं तर कुणाला कळणार आहे, महिन्याभरानं कळलंच तर चूक म्हणून सांगता येईल.

अक्कांची बोटं थांबली. कामाच्या मध्ये त्यांनी खिडकी सोडून माझ्याकडे पाहिलं असं त्यापूर्वी कधी झालं नव्हतं.

"पारूबाईच्या डोस्क्यावरची माती हाय ती, शैला," त्या म्हणाल्या. "माणसाच्या तोंडचं पाणी राखून मी पाखरं बघत बसू व्हय?"

आणि त्यांनी पत्र टाइप केलं. सातवं नाव टाइप करताना बोटं अडली नाहीत. मी लक्ष ठेवून होते.

पुढच्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा काठाला दोन डिझेल पंप धडधडत होते आणि टँकरची रांग लागली होती. पट्टकादंब उडून गेले होते. चक्रवाक लांबच्या काठाला सरकले होते. पारूबाईला राग आला असेल असं मला वाटलं होतं, पण ती म्हणाली, पाणी दुसऱ्या गावाला चाललंय, तिथंही लेकरंच आहेत. तिची काळजी वेगळी होती. चांगलं पाणी संपलं की हे लोक तळाचा चिखलसुद्धा ओढून नेतील, तो कुणाला पिता येणार नाही, आणि इथं तिच्या शेरडांना प्यायला मात्र थेंब राहणार नाही. अक्कांनी तिला चार प्रश्न विचारले. कुठल्या दगडाच्या खाली पाणी गढूळ होतं, गावात जनावरं किती, उन्हाळ्यात ती दुसरीकडे कुठं पितात.

सोमवारी कचेरी सुटल्यावर त्यांनी यंत्रात कागद चढवला. वीस वर्षं त्या दुसऱ्यांच्या नावानं, दुसऱ्यांच्या सहीसाठी टाइप करत आल्या होत्या. स्वतःच्या नावानं पत्र त्या पहिल्यांदा लिहीत होत्या. म्हणून त्या दिवशी त्या यंत्राकडे बघून टाइप करत होत्या, एकेक अक्षर. सविनय सादर, की सदर तलावातील तळाचे पाणी गढूळ असून पिण्यास उपयोगी नाही, तथापि ते गावातील जनावरांना उन्हाळाभर पुरेल, सबब पाणी बांधाच्या दगडी अस्तराच्या, म्हणजे पिचिंगच्या, शेवटच्या ओळीपर्यंत उतरल्यावर उपसा थांबवावा. मी वाचलं आणि विचारलं की, यात पाखरांचं कुठंच काही नाही.

"साहेबाला गुरं समजतात," अक्का म्हणाल्या. "पाखरं बी त्याच पाण्यात बसणार हायत."

पत्र हेडक्लार्कमार्फत जायला हवं होतं. हेडक्लार्क ते दाबून ठेवतील हे अक्कांना माहीत होतं, म्हणून त्या स्वतः साहेबांच्या खोलीत गेल्या. साहेबांनी वाचून विचारलं की, तुम्हाला हे कसं माहीत. दर रविवारी तिथं जाते, असं त्यांनी सांगितलं. कशाला, असं साहेबांनी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही. तीन आठवडे काहीच झालं नाही. कचेरीत मात्र बातमी पसरली आणि कुणीतरी त्यांना बदकबाई म्हणायला लागलं. मग एक दिवस खालच्या कचेरीतला एक अभियंता जाऊन पाहून आला, आणि त्या शेवटच्या ओळीखालचं पाणी गुरांसाठी राखावं असा आदेश निघाला. तो आदेशही अक्कांनीच टाइप केला. या वेळी खिडकीबाहेर बघत.

त्या उन्हाळ्यात तळ्यात ढोपरभर पाणी राहिलं. पारूबाईची शेरडं जगली. पट्टकादंब काही परत आले नाहीत, पण चैत्रापर्यंत थोडे शेकाटे आणि दोन हळदीकुंकू तिथं होते. अक्कांना त्याबद्दल हेडक्लार्कांचा मेमो मिळाला, परस्पर पत्रव्यवहार केल्याचा. आणि जूनच्या बदल्यांत त्यांचं नाव निलंग्याला लागलं. मी रडले. बसस्टँडवर त्यांचं सामान म्हणजे एक ट्रंक, एक स्टोव्ह आणि एक वळकटी. माझी समजूत घालण्याऐवजी त्या मला बजावत होत्या की, रविवार सोडू नकोस, आणि नव्या बांगड्या भरशील तर रुमाल मोठा घे. गाडी हलली तेव्हा त्यांनी खिडकीतून विचारलं, "निलंग्याला तळं कुठल्या अंगाला हाय, विचारलंस का कुणाला?" मी विचारलं नव्हतं. "असू दे," त्या म्हणाल्या. "माझं मी बघते."

पुढं माझं लग्न झालं, मी नांदेडला आले. दरवर्षी दिवाळीनंतर अक्कांचं एक पोस्टकार्ड यायचं. त्यावर टाइप केलेला एकच शब्द असायचा, "आली". मी नदीवर जाऊन बघून यायचे आणि उलटटपाली लिहायचे, इथंही आली. एका वर्षी कार्ड आलं नाही. त्याऐवजी त्यांच्या भावाचं आलं. निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना अक्का काविळीनं गेल्या होत्या. त्यांच्या ट्रंकेत माझा पत्ता सापडला म्हणून कळवलं होतं.

शिवगणाराधनेला, म्हणजे अक्कांच्या दिवसकार्याला, मी उदगीरला गेले. जेवणं उरकल्यावर भाऊ माझ्याजवळ येऊन बसले. साधा, सज्जन माणूस. डोळे सुजले होते. बहिणीनं आपल्यासाठी किती केलं ते सांगत राहिले. "रविवारी तरी घरी ये म्हणलं की कळवायची, हापिसात काम हाय, सुट्टी न्हाई," ते म्हणाले. "आमच्यापायी रविवारसुद्धा राबली. एक दिस सुख लाभलं न्हाई तिच्या जिवाला. हेच मला खातंय."

मी हातातला कप खाली ठेवला. अक्कांनी जे इतकी वर्षं जपून ठेवलं होतं ते उघडं करावं की नाही, मला कळेना. पण समोरचा माणूस उरलेलं आयुष्य ते ओझं घेऊन बसणार होता.

"दादा," मी म्हटलं, "रविवारी ऑफिस बंद असायचं."

मग मी सांगितलं. पहाटेची एसटी, बांध, बाभळ, दगड होऊन बसणं, येळवसेचा तो दिवस. मी सांगत होते तशी त्यांची बायको दारात येऊन उभी राहिली, मग मुलं आली. माझं संपल्यावर भावांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि जरा घाबरतच विचारलं, "तिला बरं वाटायचं तिथं?"

"लई," मी म्हटलं.